मॅनेजर कधी ठेवायचा? आधी तीन महिन्यांची वही बघा

माझ्या धाकट्या बहिणीचं सांगलीत पाककृतींचं चॅनल आहे. स्वयंपाक, बोलणं, शूटिंग हे तिचं. येणारे मेल, बिलं आणि हिशेब माझ्याकडे. दोघींचीही घरं, मुलं, बाकीची कामं आहेतच. एका वर्षी गौरी-गणपतीच्या तोंडावर एका मसाल्याच्या कंपनीचा मेल आमच्याकडून चार दिवस उघडलाच गेला नाही. उघडला तोवर काम दुसऱ्या कुणाला गेलं होतं. त्या रात्री ती म्हणाली, "ताई, आता मॅनेजर ठेवूया. हे आपल्या हाताबाहेर चाललंय."

तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला, कारण चुकीच्या माणसाबरोबर केलेला करार मेहनतीने उभं केलेलं चॅनल वर्षभर अडकवून ठेवू शकतो. ओळखीतले रील्स करणारे, शेतीचे व्हिडिओ करणारे मला विचारतात, तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो: किती फॉलोअर झाले की मॅनेजर ठेवायचा?

असा आकडा नाही. पाच लाख फॉलोअर असलेल्या विनोदी पेजला महिन्याला एखादंच काम येतं आणि चाळीस हजारांच्या शेती-अवजारांच्या चॅनलला दर आठवड्याला विचारणा असते, असं होऊ शकतं. मॅनेजर फॉलोअर सांभाळत नाही, मागणी सांभाळतो. मागणीच नसेल तर त्याला सांभाळायला काही नाही. असेल, पण तुम्ही ती निवांत हाताळू शकत असाल, तरीही घाई नाही. दारात आलेलं चांगलं काम तुमच्या हातून निसटायला लागलं, किंवा ते पकडता पकडता व्हिडिओच मागे पडायला लागले, की विचार सुरू करायचा. आणि हे अंदाजाने ठरवायचं नाही, लिहून ठरवायचं.

आम्ही एक साधी दोनशे पानी वही केली. तीन महिने प्रत्येक विचारणा तीत लिहिली: कुणाची, काय हवं होतं, उत्तर कधी दिलं, पुढे काय झालं, पैसे कधी आले. शेजारी रोजच्या कामाचे तास. तीन महिन्यांनी बघितलं तर एकूण ४१ विचारणा होत्या. त्यातल्या १९ फुकट वस्तू पाठवतो, त्या बदल्यात रील करा, अशा बार्टरच्या. ९ सरळ बनावट. ६ एजन्सींनी फक्त दर विचारला आणि पुढे गप्प. खरी म्हणावीत अशी कामं ७, त्यातली ४ झाली. आणि उशिरा उत्तर दिल्यामुळे गेलेलं काम? एकच. आम्हाला वाटत होतं दर महिन्याला जातंय.

तासांच्या रकान्याने तर डोळेच उघडले. मेल, फोन, बिलं यांत आठवड्याला जेमतेम चार तास जात होते. एडिटिंगमध्ये अठरा. बहीण थकली होती ती एडिटिंगने, आणि औषध शोधत होती मॅनेजरचं. बहुतेक मॅनेजर एडिटिंग करत नाहीत. तुमची वही हेच सांगत असेल तर तुम्हाला एडिटर हवा आहे. मेल खूप असतील पण बहुतेक किरकोळ असतील, तर दिवसाचा एक तास देणारी, चांगलं लिहिता-बोलता येणारी घरातली किंवा ओळखीतली व्यक्ती पुरते. कराच्या कटकटी असतील तर सीए. मॅनेजर लागतो तो भाव ठरवायला, करार वाचायला, पैसे वसूल करायला आणि पुढचं काम आणायला.

आता पैशांचं गणित. भारतात मॅनेजर साधारण १० ते २० टक्के कमिशन घेतात, काही ठिकाणी याहून जास्त. वीस टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण समजा एका रीलचे तुम्हाला १०,००० मिळतात. वीस टक्के दिल्यावर हातात पूर्वीएवढेच १०,००० राहायचे असतील तर भाव १२,५०० झाला पाहिजे. म्हणजे वीस टक्के कमिशन भरून निघायला पंचवीस टक्के भाववाढ लागते. पंधरा टक्क्यांना जवळपास अठरा लागते, तीस टक्क्यांना त्रेचाळीस. भाव तेवढाच राहिला तर कामं तेवढ्या पटीत वाढली पाहिजेत. म्हणून मॅनेजरशी बोलताना पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या सध्याच्या भावात तुम्ही किती फरक पाडाल, आणि माझ्यासारख्याच चॅनलसाठी तो कसा पाडला, ते दाखवाल का?

हेच गणित त्याच्या बाजूने करून बघा. महिन्याला ब्रँडकडून तुमचे २५,००० येत असतील तर पंधरा टक्क्यांनी त्याला मिळतात ३,७५०. तेवढ्यावर कुणाचंही घर चालत नाही, म्हणजे त्याच्याकडे तुमच्यासारखे वीसजण असणार. त्या वीसात मोठी कामं ज्यांना येतात त्यांचे फोन तो आधी उचलणार. यात त्याचा दोष नाही, पोट सगळ्यांना आहे. पण तुमचा मेल मग त्याच्याही इनबॉक्समध्ये चार दिवस पडून राहील. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या कमिशनमधून त्याच्या कामाचा एक आठवडा तरी विकत घेता येत नसेल, तर एकट्या त्याच्याशीच बांधून घेणारा करार करू नका. त्याऐवजी काम आणलंस तर त्या कामापुरतं कमिशन, एवढाच व्यवहार ठेवा. याला बहुतेकजण तयार होतात.

कमिशन कशावर मोजायचं यातही बरेच पैसे दडलेले असतात. तुमची जीएसटी नोंदणी आहे आणि एक लाखाचं काम झालं असं धरू. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी बंधनकारक होते, आणि यूट्यूबकडून येणारे पैसेही त्या उलाढालीत धरले जातात. १८ टक्के जीएसटी लावून बिल होतं १,१८,०००. ब्रँड एक लाखावर १० टक्के, म्हणजे १०,००० टीडीएस कापून १,०८,००० तुमच्या खात्यात टाकतो. त्यातले १८,००० तुमचे नाहीतच, सरकारचे आहेत. उरले ९०,०००. मॅनेजरचे पंधरा टक्के दिले की ७५,०००. कापलेले दहा हजार तुमच्या पॅनवर जमा दिसतात आणि विवरणपत्र भरताना वळते होतात, पण आज हातात नाहीत. आता करारात कमिशन "बिलाच्या रकमेवर" असं लिहिलं असेल तर ते १,१८,००० वर लागेल आणि २,७०० रुपये तुम्ही सरकारच्या पैशांवर कमिशन म्हणून द्याल. "जीएसटी वगळून मूळ रकमेवर" हे शब्द लिहून घ्या. शूटिंगसाठी गाडी, भाड्याचं किचन, मदतनीस असा खर्च ब्रँड वेगळा देत असेल तर तोही वगळा.

पैसे कुणाच्या खात्यात येतात हे त्याहून महत्त्वाचं. शक्यतो ब्रँडने तुम्हाला द्यावेत आणि तुम्ही मॅनेजरला. उलटं असेल तर ब्रँडने नक्की किती दिले हे तुम्हाला त्याच्या तोंडूनच कळणार. मोठ्या एजन्सी स्वतःच बिल लावतात, तिथे उलटा रस्ता टळत नाही. मग ब्रँडबरोबरच्या कराराची प्रत आणि पैसे आल्यापासून किती दिवसांत तुमच्याकडे वळवायचे, हे दोन्ही लेखी घ्या.

बार्टरचंही तसंच. १ जुलै २०२२ पासून नियम असा आहे की एखाद्या कंपनीने वर्षभरात तुम्हाला दिलेल्या वस्तूंची किंमत २०,००० च्या वर गेली आणि वस्तू तुम्ही ठेवून घेतली, तर तिच्यावर १० टक्के टीडीएस लागतो आणि ती तुमचं उत्पन्न धरली जाते. वस्तू परत केली तर नाही. म्हणजे चाळीस हजारांचा ओव्हन "फुकट" आला तरी त्यावर कर आहे. त्यावर मॅनेजर कमिशन मागणार का, हे आधीच विचारून घ्या.

यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नावर मात्र कुणालाही कमिशन देऊ नका. लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के यूट्यूब तुम्हाला थेट देतं. तो तुमच्या कामाचा आणि प्रेक्षकांचा पैसा आहे, तो मॅनेजर आणत नाही. तरीही "सर्व डिजिटल उत्पन्न" असा एक शब्दप्रयोग करारात हळूच येतो. तो खोडा.

मग चांगला मॅनेजर पैसे कुठे कमावून देतो? माझ्या मते सगळ्यात जास्त एका ठिकाणी: वापराच्या हक्कांत. ब्रँड म्हणतो, एक रील करा, पंधरा हजार देतो. आपण खूश. पण सोबतच्या कागदावर असतं की ते रील ब्रँड कुठेही, कितीही काळ, स्वतःची जाहिरात म्हणून वापरू शकतो. रील करण्याची मजुरी वेगळी आणि तुमचा चेहरा जाहिरातीत वापरण्याचं भाडं वेगळं. तुमच्या पेजवर टाकायचं एवढंच असेल तर एक भाव. ते रील ब्रँड पैसे लावून महिनाभर लाखो लोकांना दाखवणार असेल तर त्या महिन्याचा वेगळा भाव. तीन महिने दुसऱ्या कुठल्याही मसाल्याचं नाव घ्यायचं नाही असं असेल तर गेलेल्या कामाची भरपाई म्हणून आणखी वेगळा. जाणकार मॅनेजर एकाच विचारणेतून हे तीन भाव वेगळे काढतो. हे आम्हाला आमच्या आम्ही शिकायला दोन वर्षं लागली, आणि तोवर बहिणीचा हसरा चेहरा एका डब्यांच्या जाहिरातीत आमच्या परवानगीनेच, पण फुकट फिरत होता. तुमच्याकडे असे हक्क मागणारी कामं येऊ लागली असतील आणि तो कागद तुम्हाला वाचता येत नसेल, तर मॅनेजरची वेळ आली आहे असं मी म्हणेन, मग फॉलोअर तीस हजार का असेनात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. मुंबईच्या एजन्सीत भाषावार याद्या असतात आणि त्यांत आपण "रीजनल" या रकान्यात बसतो, तिथला भाव पुष्कळदा हिंदीपेक्षा कमी ठरवलेला असतो. मॅनेजर निवडताना बघा, तो त्या रकान्याचाच भाव सांगतो की मराठी प्रेक्षकाची ताकद समजावून सांगतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती, दिवाळी, लग्नसराई या दिवसांत महाराष्ट्रात विकायला निघालेल्या ब्रँडला आपल्याच घरांत पोचायचं असतं. हळदीकुंकवाच्या वाणासाठी कोण काय घेतं, हे ज्याला माहीत नाही तो तुमच्या चॅनलचा भाव वाढवून मागू शकणार नाही.

आणि गावातल्या जाहिराती. सराफ, साडीचं दुकान, घरगुती मसालेवाले, नवीन हॉटेल. हे लोक मेल करत नाहीत. फोन करतात, आणि त्यांना ताईंशीच बोलायचं असतं. मध्ये मॅनेजर आला तर काहीजण पाठ फिरवतात. ही नाती तुमची आहेत, ती मॅनेजर येण्याआधीपासून आहेत. अशा नावांची यादी कराराला जोडा आणि त्यांवर कमिशन नाही असं लिहा.

कराराच्या बाबतीत मराठी माणसाला जवळचं एक उदाहरण आहे. श्रीरामपूरचा झहीर खान २००० साली भारतीय संघात आला. त्याच वर्षी, बावीस वर्षांचा असताना, त्याने पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी जाहिराती आणि प्रसिद्धीच्या कामासाठी तीन वर्षांचा करार केला. ऑक्टोबर २००३ मध्ये मुदत संपली. करारात एक कलम होतं: मुदत संपल्यानंतरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव स्वीकारण्याआधी तो या कंपनीला दाखवायचा आणि तेवढीच रक्कम देऊन काम स्वतःकडे ठेवण्याची संधी द्यायची. झहीरला पुढे जायचं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. एका न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने अंतरिम मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. करार संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारं कलम त्यात बसतं.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. मुदतीनंतर बांधणारी अट कायद्यासमोर टिकणं कठीण, हा दिलासा. पण करार चालू असतानाचं "फक्त माझ्यामार्फतच काम" हे बंधन वेगळं, ते सहसा टिकतं. आणि झहीरला हा निकाल मिळायला दोन वर्षांहून जास्त लागली, ते एका भारतीय गोलंदाजाला परवडलं. तुम्हाला-मला परवडणार नाही. म्हणून पहिला करार तीन वर्षांचा करूच नका. सहा महिन्यांचा करा, दोन्ही बाजूंनी तीस दिवसांच्या नोटिशीवर मोडता येईल असा. मॅनेजरने आणलेलं काम करार संपल्यावरही चालू राहिलं तर त्यावर त्याला काही महिने कमिशन देणं योग्यच आहे, तो त्याचा हक्क आहे. पण किती महिने, ते लिहा.

चेहरा तुमचा असतो, हे मॅनेजर कितीही चांगला असला तरी बदलत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ती करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय एक ते तीन वर्षं जाहिरात करण्यावर बंदी. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस स्पष्ट कळली पाहिजे, आणि तीही व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. मराठी व्हिडिओत "जाहिरात" हा शब्द दिसला पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अशा कामांचे पैसे मोठे असतात, म्हणजे कमिशनही मोठं. त्यामुळे कुठली कामं घ्यायचीच नाहीत याची यादी पहिल्याच दिवशी द्या, आणि शेवटचा होकार तुमचाच, असं कलम ठेवा. आमच्या यादीत सट्ट्याचे ॲप, झटपट कर्ज, वजन कमी करणाऱ्या पावडरी आणि गोरं करणारी क्रीम आहेत. बहीण म्हणते, जे मी माझ्या मुलीला देणार नाही ते लोकांच्या मुलींना सांगणार नाही.

चॅनलच्या किल्ल्यांबद्दल मी फार काटेकोर आहे. एका गृहस्थांनी आमच्याकडे पहिल्याच भेटीत जीमेलचा पासवर्ड मागितला होता, "काम सोपं होतं" म्हणून. आम्ही तिथेच थांबलो. यूट्यूब स्टुडिओत परवानग्या या विभागातून कुणाला फक्त बघण्याची, कुणाला संपादनाची, कुणाला मॅनेजरची परवानगी देता येते आणि काढूनही घेता येते. मालकी तुमच्याकडेच राहते. इन्स्टाग्रामलाही मेटा बिझनेस स्वीटमधून कामापुरता प्रवेश देता येतो. पासवर्ड द्यायची गरज नाही. कामाच्या मेलचा पत्ताही तुमच्या मालकीचा ठेवा, मॅनेजरचा नको. तो गेला तर सगळे ब्रँड त्याच्याच पत्त्यावर लिहीत राहतील. बनावट विचारणांचं मघाशी म्हटलं, त्यांत बहुधा "करार" म्हणून एक फाइल उतरवायला सांगतात आणि ती उघडली की चॅनलच हातचं जातं. मॅनेजरचा कॉम्प्युटरही यातून सुटत नाही.

वसुलीसाठी मॅनेजर हवा असं अनेकांना वाटतं. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन, फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे ग्राहक कंपनीला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि थकलेल्या पैशांसाठी असलेल्या सरकारी सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. एप्रिल २०२४ पासून मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च करात त्या वर्षी वजाही मिळत नाही. आम्ही बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ छापायला लागल्यापासून फोन करायची वेळ कमी येते. एका कंपनीने त्याआधी सात महिने थांबवलं होतं.

आमचं ठरलं ते असं. मिरजेतला एक मुलगा एडिटिंग करतो, बहिणीचे आठवड्याचे अठरा तास पाचवर आले. गणपती ते दिवाळी या दिवसांसाठी पुण्यातल्या एका मॅनेजर बाईंशी कामागणिक कमिशनवर बोलणं झालं आहे: मूळ रकमेवर पंधरा टक्के, पैसे आमच्या खात्यात, सांगलीतली सोळा दुकानं यादीत वगळलेली. दिवाळीनंतर वही पुन्हा उघडू. एका ओळीखाली मी आत्ताच रेघ मारून ठेवली आहे: भाव अठरा टक्के तरी वाढला का, की फक्त कामं वाढली?